मोटारसायकल समुद्रापार कशी जाते?

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वैरागसारख्या गावात जहाजाची गोष्ट काढायची म्हणजे थोडं धाडसच आहे. पण आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं कंटेनरमध्ये भरून न्हावा शेव्याला जातात आणि तिथून युरोपला, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तुमच्या दारातली एमएच १३ची गाडीही त्याच बंदरातून जाते. फरक एवढाच की द्राक्षं परत येत नाहीत आणि गाडी परत आणायची असते. आजच्या सगळ्या कटकटीचं मूळ या एका फरकात आहे.

आधी एक सरळ प्रश्न. मोटारसायकलवर जग फिरायचंय, तर जहाज कशाला? चाकावरच जाऊ की. नकाशावर भारत खंडाला चिकटलेला आहे, पण स्वाराच्या दृष्टीनं आपला देश जवळजवळ बेटच आहे. पश्चिमेला पाकिस्तान, अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. पूर्वेला म्यानमार, २०२१च्या लष्करी उठावानंतर तिकडून गाडी पार नेणं जवळपास थांबलं. उरलं नेपाळमार्गे तिबेट. तिथं चीनचा परवाना, सोबत त्यांचा मार्गदर्शक, आणि त्याचा खर्च रोजच्या हिशोबानं. मुंबईचे योगेश आळेकरी २०२५ मध्ये मोटारसायकलनं इंग्लंडला पोचले ते चीनमार्गेच. पुढे त्यांना त्याच गाडीनं आफ्रिकेला जायचं होतं. ती नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. त्या चोरीकडे आपण पुन्हा येऊ.

ही अडचण आजची नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि मार्च १९२८ मध्ये परतले. समुद्र आला की त्यांनाही बोटच धरावी लागली. पण सायकलीवर जकातीचा एवढा डोळा नसतो. मोटारसायकलवर असतो.

तर आता मुख्य कागद. त्याचं फ्रेंच नाव लांबलचक आहे, सगळे त्याला कारनेट म्हणतात. गाडीचा पासपोर्टच समजा. कुठलाही देश म्हणतो, तुम्ही गाडी घेऊन आलात आणि इथंच विकून गेलात, तर माझी आयात जकात बुडाली. म्हणून आत येतानाच जकात भरा. प्रत्येक देशात असं भरत बसलो तर घर विकावं लागेल. यावर १९५४च्या आंतरराष्ट्रीय करारानं जे कारनेट चालतं, त्यात तुमच्या देशातली मोटार संघटना हमी घेते की ही गाडी परत बाहेर जाईल. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे काम करते. ती संघटना तुमच्याकडून अनामत किंवा बँक गॅरंटी घेते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही जाणार त्या देशांवर ठरते, आणि साध्या गाडीलाही ती छोटी नसते.

कारनेटच्या पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना कस्टमवाला एक तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा. तिसरा तुकडा तुमच्याकडे राहतो आणि त्यावर दोन शिक्के हवेत, आल्याचा आणि गेल्याचा. आता नीट ऐका, कारण इथं घरं बुडतात. समजा सीमेवर रात्र झाली, साहेब जागेवर नाही, पोलीस म्हणाला जा पुढे, आणि तुम्ही गेलात. गाडी बाहेर पडली, पण कागदावर ती आतच आहे. तो देश संघटनेकडे जकात मागणार आणि संघटना तुमच्या अनामतीला हात घालणार. शेतावर बोजा चढवून गॅरंटी दिली असेल तर विचार करा. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो, शिक्क्यासाठी रात्र चौकीवर काढावी लागली तरी काढा.

आणि चोरी? कारनेट लागणाऱ्या देशात गाडी चोरीला गेली, तर गेल्याचा शिक्का मिळणारच नाही. त्या वेळी त्याच दिवशीचा पोलीस रिपोर्ट आणि तिथल्या कस्टमला लेखी कळवल्याची पोच, एवढेच तुमचे साक्षीदार.

युरोपला कारनेट लागत नाही. दक्षिण अमेरिकेतले बहुतेक देश सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. इराण, इजिप्त, ऑस्ट्रेलिया मात्र कारनेट मागतात. म्हणजे आधी मार्ग ठरवायचा, मग कारनेट. आणि हो, गाडीवर हप्ते चालू असतील तर फायनान्सवाल्याचं ना-हरकत पत्र आधी हातात घ्या.

आता बंदर. गाडी लाकडी पेटीत जाते. पेटीचं लाकूड कसलंही चालत नाही. लाकडातून किडे परदेशी जाऊ नयेत म्हणून ते आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशावर ३० मिनिटं तापवलेलं हवं, आणि त्याचा शिक्का फळीवर दिसायला हवा. आपल्या सुताराकडून बाभळीची भक्कम पेटी कराल, ती कितीही चांगली असली तरी शिक्क्याशिवाय अडकेल.

जहाजाचं भाडं पेटीच्या आकारावर, घनमीटरवर लागतं. (वजन टनात धरून जो आकडा मोठा तो घेतात, पण मोटारसायकलला आकारच मोठा निघतो.) गाडी आहे तशी उभी पॅक केली, म्हणजे २३० सेंटिमीटर लांब, ९० रुंद, १२० उंच, तर होतात जवळपास अडीच घनमीटर. पुढचं चाक, हँडल, आरसे, काच काढून पेटी २१० बाय ७० बाय १०५ वर आणली, तर दीड घनमीटर. दोन तास पाना फिरवला आणि भाड्याचे दोन पंचमांश वाचले! अशी पेटी इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जाते. चार-पाच मित्र मिळून निघालात तर वीस फुटी कंटेनर पूर्ण घेणं बहुतेक वेळा परवडतं, आणि दुसऱ्याच्या मालासाठी थांबावं लागत नाही.

बांधताना गाडी दाबून दाबून पट्ट्यांनी आवळू नका. महिनाभर दबलेल्या शॉकअपची सीलं तेल गाळायला लागतात. चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घाला, मग आवळा. पेट्रोल काढायचं, बॅटरीच्या तारा सोडायच्या. जहाजाच्या नियमांत इंजिनची गाडी धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येते, क्रमांक यूएन ३१६६. त्यामुळे काही एजंट मोटारसायकल घ्यायलाच नकार देतात. तुमचा एजंट ‘मशिनरी पार्ट’ असं लिहून पाठवू म्हणाला, तर तिथून उठा. समुद्रात काही झालं तर खोटा कागद तुमच्याच नावावर असतो.

ऑस्ट्रेलियाचं वेगळंच. तिथं गाडीवर माती चालत नाही. आणि आपली बार्शी तालुक्याची काळी माती! इंजिनच्या पंख्यांत, चेनकव्हरमागे, मडगार्डच्या आत अशी चिकटते की पाण्याच्या प्रेशरनंही निघत नाही. तपासनीस ब्रशनं कोपरे बघतात, आणि माती सापडली तर पुन्हा धुण्याचा खर्च तुमचा. टूथब्रश घेऊन बसावं लागतं. शेंगाचटणीची पुडीही पेटीत ठेवू नका. तिची नोंद केली नसेल तर सगळी पेटी संशयात येते.

पैशाचं एक बोलून घेतो. एजंट भाडं सांगतो ते इकडून तिकडच्या बंदरापर्यंतचं. तिकडे उतरवणं, गोदाम, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम एजंट हे सगळं वेगळं, आणि पुष्कळदा मूळ भाड्यापेक्षा जास्त. आमच्या एका पेटीला असंच झालं. इथलं भाडं किरकोळ, तिथलं बिल तिप्पट. म्हणून पलीकडच्या खर्चाचा आकडा लेखी मागा, आणि बिल ऑफ लेडिंगवरचं नाव पासपोर्टशी अक्षरानअक्षर जुळवा.

विमा. तुमच्या नेहमीच्या पॉलिसीला जादा पैसे भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका वगैरे जोडता येतात, पण समुद्रातल्या प्रवासातलं नुकसान त्यात धरत नाहीत. सागरी विमा वेगळा घ्यावा लागतो. का? जहाज संकटात सापडलं तर वाचवण्याचा खर्च सगळ्या मालाच्या मालकांवर वाटला जातो, तुमचा माल सुखरूप असला तरी! मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं, तेव्हा हेच झालं. आणि जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावा शेव्याला येणाऱ्या वान हाय ५०३ ला केरळच्या किनाऱ्याबाहेर आग लागली. म्हणजे आपल्याच वाटेवर.

इथं श्रोत्यांतून एक प्रश्न आला : ‘दुबईपर्यंत जहाज किती दिवस घेतं?’

जहाज चार-पाच दिवसांतच जेबेल अलीला पोचतं. पण कंटेनर भरायची वाट, इथलं कस्टम, तिथलं कस्टम धरून दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. युरोपला आणखी वेळ. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, त्यात दहा-चौदा दिवस वाढतात. कारनेट एक वर्षच चालतं, आणि ते वर्ष गाडी पेटीत पडून असली तरी चालूच असतं. तेव्हा कारनेटवरची तारीख जहाजाच्या तारखेच्या जितकी जवळ घेता येईल तितकी घ्या, आणि परतीची पेटी वर्ष संपायच्या दोन महिने आधी बंदरात लागेल असं बघा.