लहान विकेटकीपरचे साहित्य: काय घ्यावे, कसे तपासावे

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी एक वडील आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. "दुपारपासून पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल," असे त्यांचे म्हणणे होते. पोट तपासले तर मऊ होते. मुलगा मात्र पाय जवळ घेऊन बसला होता आणि चड्डी काढायला तयार नव्हता. वडिलांना बाहेर बसवून विचारले तेव्हा त्याने सांगितले: सकाळी शिबिरात कीपिंग करताना चेंडू जांघेत लागला होता. गार्ड घातला होता, पण सपोर्टर नव्हता. साध्या चड्डीत खोचलेला गार्ड खाली बसताना सरकला होता. एक वृषण सुजून काळेनिळे झाले होते. त्याच रात्री सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया झाली. वृषण वाचले.

त्या मुलाच्या किट बॅगेत महागडी बॅट होती. काही शे रुपयांचा सपोर्टर नव्हता.

सुट्टीतल्या शिबिरांत आणि अकादमींमध्ये मुले टेनिस बॉलवरून सीझन बॉलकडे वळतात. त्यातल्या एकाला कीपर केले जाते, आणि एका डावात सर्वाधिक वेळा चेंडू त्याच्याकडेच येतो. म्हणून त्याचे साहित्य निवडताना ब्रँड किंवा किंमत पाहण्याआधी तीन प्रश्न विचारा. ते याच मुलाच्या मापाचे आहे का? खाली बसल्यावरही जागेवर राहते का? आणि ते अजून धड आहे का?

हेल्मेट

"कीपरला हेल्मेट कशाला, ते तर बॅट्समनला लागते," असे अनेक पालक म्हणतात. स्पिन गोलंदाजीला कीपर स्टंपला लागून उभा असतो. बॅटची कड घेऊन येणारा चेंडू किंवा उडालेली बेल चुकवायला त्याला वेळच मिळत नाही. २००० साली ढाक्यात आशिया चषकाच्या सामन्यात अनिल कुंबळे यांच्या गोलंदाजीवर कीपिंग करताना सबा करीम यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. जुलै २०१२ मध्ये इंग्लंडमधील टाँटन येथे दक्षिण आफ्रिकेचे मार्क बाउचर यांच्या डाव्या डोळ्यावर बेल उडून लागली. त्यांनी हेल्मेट घातले नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. १ जून २०२३ पासून आयसीसीने आंतरराष्ट्रीय सामन्यांत स्टंपला लागून उभ्या राहणाऱ्या कीपरला हेल्मेट सक्तीचे केले आहे. मुलांसाठी हाच नियम सरावातही पाळावा.

निवडताना हे पाहा:

- प्रमाण: हेल्मेटच्या आतल्या लेबलवर बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश प्रमाण आहे का ते पाहा. या चाचणीत चेंडू जाळीवर मारून तो आत घुसतो का, किंवा जाळी दबून चेहऱ्याला लागते का, हे तपासतात.
- चेंडूचा आकार: पुरुषांच्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंमी असतो. तेरा वर्षांखालील मुलांचा चेंडू २०.५ ते २२ सेंमी घेराचा, म्हणजे लहान असतो. मोठा चेंडू अडवणाऱ्या फटीतून लहान चेंडू आत जाऊ शकतो. म्हणून ही चाचणी मोठ्या आणि ज्युनियर चेंडूसाठी वेगवेगळी होते. मूल ज्या चेंडूने खेळते त्याचा उल्लेख लेबलवर हवा.
- फट: दुकानात चेंडू सोबत न्या. हेल्मेटचा पुढचा छज्जा आणि जाळी यांच्यामधल्या फटीत चेंडू दाबून पाहा. तो आत जात असेल तर ते हेल्मेट घेऊ नका. नीट दिसत नाही म्हणून मुले जाळीचे स्क्रू सैल करून ही फट वाढवतात, तेही अधूनमधून तपासा.
- माप: भुवयांच्या थोडे वर टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा. पट्टा बांधून मान जोरात हलवली तरी हेल्मेट डोक्यावर फिरता कामा नये. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटे जावीत.
- बसून पाहणे: मुलाला कीपरसारखे बसवून समोर पाहायला सांगा. छज्जा डोळ्यांवर येत असेल किंवा हेल्मेट मागे सरकत असेल तर माप चुकले आहे.

जोराचा फटका बसलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी आतला फोम दबलेला असू शकतो. असे हेल्मेट बदलावे. सायकलचे किंवा दुचाकीचे हेल्मेट इथे चालत नाही.

मुलाला चष्मा असेल तर पॉलिकार्बोनेट काचांचा खेळाचा चष्मा बनवून घ्या. साधी काच फुटून डोळ्यात जाऊ शकते.

गार्ड आणि सपोर्टर

गार्ड लहान मुले, किशोर आणि मोठी माणसे अशा मापांत मिळतो. दादाचा गार्ड धाकट्याला बसत नाही. मधल्या पोकळीत वृषण चिमटले जाते किंवा कड मांडीत रुतते. गार्ड नेहमी खिसा असलेल्या घट्ट सपोर्टरमध्येच घालावा. घरी घालून दहा उठाबशा काढायला सांगा. तो सरकला नाही आणि कुठे टोचला नाही तर माप बरोबर आहे. बारीक तडा गेलेला गार्ड फेकून द्या. मुलींसाठी वेगळ्या आकाराचा गार्ड मिळतो, त्यांनीही तो वापरावा.

गार्ड आणि सपोर्टर स्वतःचेच हवेत. पावसाळ्याच्या तोंडावर जांघेत गजकर्ण झालेली बरीच मुले येतात. सामाईक किट आणि ओले कपडे ही त्याची नेहमीची कारणे. सपोर्टर रोज धुवून उन्हात वाळवा. खाज सुटली तर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका. आधी बरे वाटते, मग गजकर्ण पसरते आणि हट्टी होते.

ग्लोव्हज, इनर आणि पॅड

"दोन वर्षे चालतील" म्हणून एक माप मोठे घेतलेले ग्लोव्हज हे बोटांच्या दुखापतीचे मोठे कारण आहे. ग्लोव्हजमध्ये बोट पुढेमागे सरकत असेल तर चेंडू थेट टोकावर बसतो. इनर घालून ग्लोव्हज घालावेत. बोटांची टोके आणि ग्लोव्हजचे टोक यांमध्ये अगदी थोडीच जागा उरावी आणि मुलाला मूठ सहज वळता यावी. तळव्याचे रबर गुळगुळीत किंवा कडक झाले असेल, किंवा टोकांची शिवण उसवली असेल, तर ग्लोव्हज बदला. ओले इनर ग्लोव्हजमध्ये तसेच ठेवू नका.

पॅड फलंदाजाच्या पॅडपेक्षा आखूड आणि हलके असतात. गुडघा पूर्ण झाकला जावा आणि बसताना वरची कड मांडीला टोचू नये, एवढे पाहा. वाढत्या वयात सतत उठबस केल्याने गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते. ते पॅड बदलून थांबत नाही. काही आठवडे कीपिंग कमी करावे लागते.

पैसे मोजकेच असतील तर

आधी गार्ड आणि सपोर्टर, मग हेल्मेट, मग मापाचे ग्लोव्हज. बॅट शेवटी. अकादमीचे सामाईक साहित्य वापरायचे असेल तर वरच्या तपासण्या पहिल्याच दिवशी स्वतः करा. प्रशिक्षकांना विचारायला संकोच करू नका. वापरलेले पॅड तपासून घ्यायला हरकत नाही. वापरलेले हेल्मेट मात्र शक्यतो नको, कारण त्याने किती फटके खाल्ले ते कळत नाही.

चेंडू लागलाच तर

- वृषणाला मार: साध्या माराची वेदना तासाभरात उतरते. ती टिकली, सूज आली, उलटी झाली किंवा लघवीतून रक्त आले तर लगेच रुग्णालयात जा. मारानंतर वृषणाला पीळही पडू शकतो, आणि तेव्हा पहिले सहा तास मोलाचे असतात.
- डोळ्याला मार: डोळा चोळू नका, दाबू नका, घरातले थेंब घालू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर न दाबता धरा, मुलाला बसते ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. धूसर दिसणे, दोन प्रतिमा दिसणे किंवा बुबुळासमोर रक्त साचणे ही धोक्याची लक्षणे आहेत.
- डोक्याला मार: गोंधळ, डोकेदुखी, चक्कर यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी खेळ बंद. वारंवार उलटी, वाढती झोप, आकडी किंवा बेशुद्धी असेल तर तातडीने रुग्णालय. पुन्हा मैदानावर जायचे ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच.
- बोट: मैदानावर कोणी बोट ओढून "बसवत" असेल तर थांबवा. लहान मुलांत हाडाच्या वाढीच्या जागी फ्रॅक्चर असू शकते, त्यामुळे एक्स-रे काढा. बोटाचे टोक खाली पडून सरळ होत नसेल तर बहुधा सहा ते आठ आठवडे सलग पट्टी ठेवावी लागते. ती मध्येच काढून बोट वाकले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.
- छाती: छातीवर चेंडू लागून मूल कोसळले आणि श्वास दिसत नसेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी दाब देणे लगेच सुरू करा.

मुलाशी बोला

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाने दिवसभर कोणाला काही सांगितले नव्हते, कारण त्याला लाज वाटत होती आणि संघातून काढतील अशी भीतीही होती. किट घेऊन द्याल त्याच दिवशी त्याला स्पष्ट सांगा: कुठेही लागले, जांघेत लागले तरी, लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही. दर दोन-तीन महिन्यांनी किट बॅग उघडून सगळे घालून पाहा. या वयात मुले भराभर वाढतात आणि गेल्या मोसमात नीट बसलेले साहित्य या मोसमात अपुरे पडते.