जबड्याचा सांधा

घास चावणें, बोलणें, जांभई देणें या क्रिया मनुष्य दिवसांतून शेंकडों वेळां करतो, आणि त्या प्रत्येक वेळीं कानाच्या अगदीं पुढें असलेला एक लहानसा सांधा राबत असतो. तेथें बोट टेकून तोंड उघडलें कीं त्याची हालचाल हाताला कळते. गुडघा दुखूं लागला तर घरभर चर्चा होते. जबड्याच्या सांध्याची आठवण मात्र तो अडेपर्यंत कोणालाच होत नाहीं.

खालच्या जबड्याचे दोन गोलसर माथे कवटीच्या खोबणींत बसलेले असतात व मध्यें एक चिवट, पातळ चकती असते. तोंड उघडतांना माथा प्रथम जागच्या जागीं फिरतो व मग चकतीसह पुढें सरकतो. दोन्ही सांधे एकाच हाडाच्या टोकांना असल्यामुळें जुंपलेल्या बैलांप्रमाणें त्यांना बरोबरच चालावें लागतें. एक अडला कीं दुसऱ्यालाहि ताण बसतो. निरोगी प्रौढाचें तोंड सामान्यतः ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडतें. स्वतःचीं तीन बोटें एकावर एक धरून समोरच्या दातांमध्यें शिरलीं, तर ठीक समजावें.

या सांध्याचे विकार नवे नाहींत. निखळलेला जबडा शेकून जागेवर आणावा व पंचांगी बंध बांधावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. आजचा वैद्यहि अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा आधीं खालीं दाबतो व मग मागें सारतो. पुढें १९३४ मध्यें अमेरिकेंतील कर्णरोगतज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनीं कानदुखी आणि हा सांधा यांचा संबंध मांडला. त्यांचीं सर्व कारणें पुढें टिकलीं नाहींत. परंतु कान निर्दोष असूनहि दुखत असेल, तर शेजारचा सांधा तपासावा, हा धडा कायम राहिला.

हें काम करणारा मुखशल्यचिकित्सक मुळांत दंतवैद्य असतो. पहिल्या महायुद्धांत चेहरे छिन्न झालेल्या सैनिकांवर शस्त्रवैद्य व दंतवैद्य यांनीं एकत्र उपचार केले, आणि त्या सहकार्यानें ही शाखा वाढीस लागली. भारतांत या शल्यचिकित्सकांची संघटना १९६९ मध्यें स्थापन झाली. दंतवैद्यकाच्या पदवीनंतर आणखी तीन वर्षें शस्त्रक्रियेचें शिक्षण घ्यावें लागतें. पिंपरी येथील डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयांत तें दिलें जातें.

शल्यचिकित्सक म्हटला कीं सुरी, अशी समजूत असते. पण बहुसंख्य रोग्यांना सुरी लागतच नाहीं. सांधा नुसता कटकट वाजत असेल व दुखत नसेल, तर उपचाराची गरज नसते. झोपेंत दात खाणें, सतत ताणांत राहणें यांनीं स्नायू शिणले असतील, तर मऊ अन्न, शेक, हलका व्यायाम आणि दातांवर बसवायची पट्टी यांनीं बहुधा आराम पडतो. सुपारी व गुटखा यांनीं गालांतील त्वचा ताठ होऊन तोंड मिटत जातें, तो विकार वेगळा. तेथें सांधा निर्दोष असतो. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ मध्यें बंदी आली, तरी सुपारी सुटल्याखेरीज कोणताहि उपाय पुरा पडत नाहीं.

खरी भीति आहे ती सांधा जखडण्याची. मूल हनुवटीवर आपटतें, जखमेला टांके पडतात आणि प्रकरण मिटलें असें वाटतें. परंतु तो आघात जबड्याच्या हाडांतून थेट सांध्यापर्यंत पोंचतो. तेथें माथा पिचून रक्त सांचतें आणि पुढें त्या जागीं हाड धरूं लागतें. कांहीं महिन्यांनीं तोंडांत चमचाहि जाईनासा होतो. हनुवटीची वाढ खुंटते, आणि झोपेंत श्वास कोंडूं लागतो. पूर्वी कानाचा पू सांध्यांत उतरूनहि हीच दशा होत असे. जंतुनाशक औषधांनीं तें कारण पुष्कळ मागें पडलें. आणि त्या औषधांचा इतिहास पिंपरीशीं निगडित आहे. १९५४ मध्यें तेथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढच्या वर्षीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. मात्र पडझडीवर औषध नाहीं. पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांतील दुचाकींच्या रस्त्यांवर प्रौढांनाहि हाच धोका आहे; हनुवटी झांकणारें शिरस्त्राण म्हणूनच महत्त्वाचें.

जखडलेला सांधा सोडवितांना वाढलेलें हाड कापून काढतात आणि तें पुन्हां जुळूं नये म्हणून मध्यें कानशिलाच्या स्नायूचा पदर घालतात; लहान मुलांत बरगडीचा कूर्चायुक्त तुकडाहि बसवितात. तोंड उघडत नसल्यामुळें भूल देणेंच अवघड असतें. श्वासनळी बहुधा दुर्बिणीच्या साह्यानें नाकावाटे घालावी लागते. तरी अर्धें काम त्यानंतरचें असतें. कित्येक महिने, दिवसांतून अनेकदां, दुखलें तरी तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. तो टाळला तर सांधा पुन्हां जखडतो आणि शस्त्रक्रिया वायां जाते.

म्हणून मूल हनुवटीवर पडलें, तर टांके घालून थांबूं नये. कानापुढें दुखतें काय, जबडा एका बाजूस वळतो काय, हें त्याच दिवशीं पाहवून घ्यावें. आणि पुढें कांहीं महिने तोंड किती उघडतें, तें मुलाच्याच बोटांनीं मोजत राहावें. तीन बोटांचीं दोन झालीं, कीं उशीर करूं नये.