घरच्या घरी धिंगरी अळिंबी

समाजातील अनेक भगिनी व शिक्षण घेणारे तरुण आम्हांस नेहमी विचारतात, घर सांभाळून, थोड्या भांडवलात कोणता जोडधंदा करता येईल? शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, अशी भगवान बुद्धांची शिकवण आहे. सम्यक आजीविकेच्या या कसोटीस उतरणारा एक उद्योग म्हणजे अळिंबी, अर्थात मशरूमची लागवड.

अळिंबी ही एक प्रकारची बुरशी होय. तिच्यात हरितद्रव्य नसते. म्हणून ती स्वतःचे अन्न उन्हात तयार न करता पेंढा, पालापाचोळा यांवर वाढते. तिला शेतजमीन लागत नाही. हॉटेलात मिळणाऱ्या पांढऱ्या बटण अळिंबीला फळधारणेच्या वेळी १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. नवी मुंबईत वातानुकूलित खोलीशिवाय ते शक्य नाही. शिंपल्याच्या आकाराची धिंगरी अळिंबी मात्र २० ते ३० अंशांत व दमट हवेत उत्तम येते. म्हणून आपल्यासाठी तीच योग्य. मार्च ते मे हे कडक उन्हाळ्याचे महिने टाळावेत.

कृती सोपी आहे. भाताचा नवा, कोरडा, न भिजलेला पेंढा आणावा. त्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून पोत्यात भरून ८ ते १० तास थंड पाण्यात भिजवावेत. नंतर तेच पोते सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवावे. यामुळे पेंढ्यातील इतर बुरशी मरते. पेंढा निथळून पूर्ण थंड करावा. मुठीत दाबला असता पाणी टपकू नये, पण तळहात ओलसर व्हावा, ही खूण. हात स्वच्छ धुऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा थर व त्यावर कडेने स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बी, असे थर भरावेत. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या २ टक्के स्पॉन पुरे. तोंड बांधून पिशवीला सुईने छिद्रे पाडावीत व अंधाऱ्या जागी ठेवावी. १५ ते २० दिवसांत पेंढा पांढऱ्या तंतूंनी भरतो. मग पिशवी काढून टाकावी, उजेड व खेळती हवा द्यावी आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा मारावा. अंकुर दिसल्यावर तीन-चार दिवसांत, कडा वर वळण्यापूर्वी, पीक पिळून काढावे. आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन पिके मिळतात.

आमची पहिली पिशवी हिरवी पडून वाया गेली, कारण पेंढा नीट निथळला नव्हता. हिरवी किंवा काळी बुरशी दिसताच ती पिशवी घराबाहेर काढावी. पिकलेल्या धिंगरीचे बीजाणू हवेत उडतात. दमेकऱ्यांनी त्या खोलीत झोपू नये, तोंडाला रुमाल बांधावा. पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी अळिंबी मात्र कधीही खाऊ नये. विषारी जात रंगावरून वा चवीवरून ओळखता येत नाही.

पैशाचेही स्पष्ट बोलू. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते व ती लवकर खराब होते. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग उत्पादन. उरलेला माल उन्हात वाळवून ठेवता येतो. ‘बी आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ’ अशा जाहिरातींना भुलून दागिने गहाण टाकू नयेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे. प्रशिक्षण व स्पॉन यांची तेथे चौकशी करावी.

प्रथम दोनच पिशव्या लावा. त्या यशस्वी झाल्या की दहा करा. अप्पमाद, म्हणजे सतत जागरूक राहणे, हा धम्माचा उपदेश या छोट्या उद्योगालाही तितकाच लागू आहे.

जयभीम!