मका एक किलो, वैरण साडेपाच किलो! वजन आलं कुठून?

माणदेशातल्या मुलांना वैरणीचा हिशेब शिकवावा लागत नाही. कडबा महागला की घरात काय बोलणी होतात, शेरडं कुठल्या माळावर न्यायची, टँकर कोणत्या वारी येतो, हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. म्हणून हे कोडं सगळ्यात आधी दहिवडी, म्हसवड, आटपाडीकडच्या मुलांना घालावंसं वाटतं. बाकीच्यांनीही डोकं चालवा!

एक किलो मका घ्या. माती नको, खत नको. मका भिजवायचा, मोड आणायचे, ताटात पसरायचा आणि नुसतं पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याभरात त्या ताटांमध्ये पाच-साडेपाच किलो हिरवी वैरण तयार! आता सांगा, हे साडेचार किलो आले कुठून? मातीतून आले म्हणावं, तर माती नव्हतीच.

जुन्या गोव्यात केंद्र सरकारची एक कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याची अशी वैरण वाढवली, तोलली, गाईंना घातली आणि सगळ्या नोंदी ठेवल्या. पाच-साडेपाच पट हा आकडा तिथलाच. एक किलो वैरणीला पाणी किती लागलं? खाली गळणारं पाणी पुन्हा वापरलं तर दीड लिटर, नाहीतर तीन लिटरपर्यंत. शेतात एक किलो हिरवा चारा पिकवायला याच्या कितीतरी पट पाणी जातं.

आपल्या कोड्यासारखंच कोडं जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी फान हेलमाँट नावाच्या माणसाला पडलं होतं. तो आजच्या बेल्जियममधला. झाड मोठं होतं म्हणजे माती खातं का, हे त्याला बघायचं होतं. त्यानं कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली, त्यात ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड! मग त्यानं माती पुन्हा वाळवून तोलली. कमी झाली होती फक्त २ औंस, म्हणजे आपल्या हिशेबानं साठेक ग्रॅम. एवढ्या मोठ्या झाडानं मातीतून चिमूटभरच काहीतरी घेतलं होतं.

फान हेलमाँट म्हणाला, झाड पाण्याचंच बनलं. अर्धं बरोबर, अर्धं चूक. झाडाच्या लाकडातला कार्बन हवेतून येतो आणि पानं तो उन्हाच्या मदतीनं पकडतात. हे त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. पण मला त्या २ औंसांचं फार अप्रूप वाटतं. त्यात नत्र, स्फुरद, पालाश असे क्षार होते. प्रमाण चिमूटभर, पण त्यांच्याशिवाय झाड जगत नाही. १८६०च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप या दोन शास्त्रज्ञांनी हे क्षार कोणते ते शोधून थेट पाण्यात विरघळवले आणि झाडं मातीशिवाय त्या पाण्यात वाढवून दाखवली. पुढं १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात गेरिके यांनी अशाच पाण्यावर शिडी लावून तोडावे लागतील एवढे उंच टोमॅटो वाढवले. आणि २०१५च्या ऑगस्टमध्ये अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांनी स्वतः वाढवलेली लाल लेट्यूसची पानं खाल्ली. तिथं कुठलं शेत?

आता मक्याकडं परत येऊ. तिथं तर आपण क्षारही घातले नव्हते. मग मका वाढला कशावर? दाण्यानं आपली शिदोरी बरोबर आणली होती. आतल्या पिठावर कोंब आणि मुळं पोसली गेली. वाढलेलं वजन मात्र सगळं पाण्याचं. खरी गंमत पुढंच आहे. ती वैरण पूर्ण वाळवली तर शंभर भागांतले अकरा ते चौदा भागच उरतात. म्हणजे साडेपाच किलोंचे उरले सहाशे ते पावणेआठशे ग्रॅम. पण एक किलो मक्यात कोरडा ऐवज होता नऊशे ग्रॅमच्या आसपास! म्हणजे वाढ तर सोडाच, उलट घट झाली. कोंब फुटताना दाणा श्वास घेतो आणि शिदोरीतला काही कार्बन हवेत सोडून देतो. पानं नुकतीच हिरवी होत असतात, त्यांना ही तूट भरून काढायला आठवडा पुरत नाही.

म्हणून कुणी म्हणालं की या वैरणीनं दुष्काळ मिटेल, तर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात हिरवं काहीच नसतं तेव्हा ती जनावराला जरूर द्यावी, पण खिल्लार बैलाला सोबत कडबा लागतोच. शिवाय तो एक किलो मकाही कुठल्यातरी शेतात पाणी पिऊनच वाढला होता. ते पाणी आपल्या ताटात दिसत नाही, पण हिशेबात धरायलाच हवं. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी करावी लागली. २०१८ला याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं श्रमदानानं पाणी अडवून पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचं पहिलं बक्षीस मिळवलं. इथं पाणी मोजणं हा खरा अभ्यास आहे, आणि वर्गातल्या ताटात तो उत्तम करता येतो.

मग करायचं? शंभर ग्रॅम मका घ्या. दुकानातला खायचा मकाच घ्या. पेरणीच्या बियाण्याला रंगीत विषारी औषध चोळलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. मका स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवा, मग एक दिवस ओल्या गोणपाटात बांधून ठेवा. मोड आले की तळाला भोकं पाडलेल्या ताटात पसरा आणि ताट खिडकीजवळ ठेवा, खाली परात. दिवसातून चार-पाचदा पाणी शिंपडा. परातीत गळलेलं स्वच्छ पाणी पुन्हा वापरा, पण किती घातलं ते मापानं मोजून रोज वहीत लिहा. वास आला किंवा पांढरी-काळी बुरशी दिसली तर ते ताट फेकून द्या, शेरडाला घालू नका. कडक उन्हाळ्यात बुरशी लवकर धरते. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

ज्यांना थांबायला आवडतं त्यांनी बाटलीत लसणाची पात लावून बघा. बाटलीला बाहेरून काळा कागद गुंडाळा, नाहीतर उजेडानं पाण्यात शेवाळ धरतं. लसणाची पाकळी बाटलीच्या तोंडावर अशी बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. मुळं वाढली की पाणी थोडं खाली ठेवा, मुळांनाही हवा लागते. आणि बाटलीच्या तोंडाला फट राहिली तर ती कापसानं बंद करा, डास अंडी घालतात.

आठव्या दिवशी मक्याची वैरण तोला. मग तिचा छोटा भाग वेगळा तोलून उन्हात कडकडीत वाळवा आणि पुन्हा तोला. किती पाणी घातलं, ओली किती भरली, वाळल्यावर किती उरली, हे तिन्ही आकडे वर्गाच्या फळ्यावर लिहा आणि आम्हालाही कळवा.