सारणी न मांडता सममूल्यता

दोन बूलियन राशी सममूल्य आहेत का, हे ठरवायला शाळेत सत्यता सारणी शिकवतात. तीन चलांना ८ ओळी, चारांना १६. पद्धत निर्दोष आहे, पण तिचा दम लवकर संपतो. ६४ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या सर्किटला १२८ इनपुट असतात. त्याच्या सारणीच्या ओळी म्हणजे सुमारे ३४ वर ३७ शून्ये. सेकंदाला एक अब्ज ओळी तपासल्या, तरी विश्वाच्या वयाइतका काळ अब्जावधी वेळा सरेल. १९७१मध्ये स्टीफन कुक यांनी मांडलेल्या प्रमेयानंतर तर असा प्रश्न सदैव झटपट सोडवणारी रीत सापडण्याची आशा फारच थोड्यांना उरली. त्यावरून ‘हे संगणकाच्या आवाक्याबाहेरचे’ असे सर्रास लिहिले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रमेय बोलते ते कल्पना करता येईल अशा प्रत्येक राशीबद्दल. माणसाने हेतुपूर्वक रचलेल्या सर्किटला घडण असते, आणि ती घडण कामी आणता येते.

याचा सर्वांत देखणा पुरावा रँडल ब्रायंट यांच्या १९८६च्या निबंधात आहे. राशीचा नकाशा काढायचा: प्रत्येक चलापाशी रस्त्याला दोन फाटे, एक ० चा, एक १ चा, शेवटी मुक्काम दोनच, खरे किंवा खोटे. ही कल्पना सी. वाय. ली यांनी १९५९मध्येच मांडली होती आणि १९७८मध्ये शेल्डन एकर्स यांनी ती पुढे नेली. या दोघांची नावे आज क्वचितच घेतली जातात, याची खंत वाटते. ब्रायंट यांनी एक शिस्त घातली: प्रत्येक वाटेवर चले एकाच क्रमाने भेटली पाहिजेत, सारखे भाग एकत्र करायचे आणि दोन्ही फाटे एकाच जागी जात असतील तो थांबा गाळायचा. मग क्रम ठरला की एका फलनाचा नकाशा एकच! राशी कितीही वेगळ्या दिसोत, नकाशे जुळले की त्या सममूल्य. क्रमाची किमया विलक्षण आहे. चलांच्या दहा जोड्यांपैकी एखाद्या जोडीत दोन्ही १ आहेत का, हे विचारणाऱ्या फलनात जोडीदार लागोपाठ घेतले तर नकाशात २२ बिंदू पुरतात. आधी सगळी पहिली चले आणि नंतर सगळी दुसरी घेतली, तर २,०४८ लागतात.

यावर रास्त आक्षेप असा, की गुणाकाराच्या सर्किटपुढे ही युक्ती हरते. ते खरेच आहे: चलांचा कोणताही क्रम घ्या, गुणाकाराच्या मधल्या बिटांचा नकाशा घातांकी वेगाने फुगतो, हे खुद्द ब्रायंट यांनीच १९९१मध्ये सिद्ध केले. पण सर्किटमध्ये सुधारणा केल्यावर अभियंत्यांना बहुधा नव्याची तुलना जुन्याशीच करायची असते, आणि त्या दोघांत आतले कित्येक बिंदू जुळतात. ते एकेक करून सिद्ध करत पुढे सरकले, की मोठा प्रश्न लहान तुकड्यांत सुटतो. अगदी निराळ्या रचनेचे दोन गुणक समोर आले, तर मात्र असे जुळणारे बिंदू फारसे सापडत नाहीत. तिथे अंकगणिताचे नियमच वापरावे लागतात.