साचा बिघडला तर?

मागच्या वर्षी आमच्या टीमने ऑफ-रोड गाडी बनवली, हे हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ग्राइंडर चालायचा, त्यामुळे माहीत नसेल तरच नवल! पण ट्रायलच्या दिवशी मागचं ब्रॅकेट का तुटलं, हे आजवर फक्त चौघांना माहीत होतं. आज लिहून टाकतो. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

फ्रेम वेल्ड करण्याआधी फिक्स्चर बनवा, असं वर्कशॉपच्या सरांनी दोनदा बजावलं होतं. मी म्हणालो, "सर, एकच तर गाडी करायचीय. त्यासाठी आठवडा कशाला घालवायचा?" मग पाइप जमिनीवर मांडले, टेपने मापले आणि वेल्ड केले. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम ओढली गेली आणि मागची भोकं सहा मिलिमीटरने चुकली. आम्ही क्लॅम्प लावून ती ओढली आणि बोल्ट ठोकून बसवला. "बसला ना? झालं तर मग!" दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच उडीला ब्रॅकेट वेल्डपाशी तुटलं. गाडी माझा रूममेट चालवत होता. नशिबाने खांद्यावर निभावलं.

नंतर सुट्टीत टूलिंगवर जे मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता विमानांपर्यंत पोहोचलो.

टूलिंग म्हणजे पाने-स्क्रूड्रायव्हर नव्हे. पार्ट बनवायला आणि जोडायला जे खास साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि गेज लागतात, ते सगळं टूलिंग. जिग ड्रिलला वाट दाखवतो, फिक्स्चर पार्ट धरून ठेवतं. विमानात ह्याचं महत्त्व जास्त, कारण पत्रा पातळ आणि लांबी भरपूर. सुटा ठेवला तर तो स्वतःच्या वजनानेसुद्धा वाकतो. त्याला खरा आकार मिळतो तो जिगमध्ये धरल्यावरच. म्हणून साधारण नियम असा की पार्टला जेवढा टॉलरन्स, त्याच्या एक दशांश टूलला. माझी आजी हेच सोप्या भाषेत सांगते: मोदक चुकला तर एक चुकतो, साचा चुकला तर एकवीस चुकतात!

आता एक खरी गोष्ट. जानेवारी १९४१ मध्ये फोर्ड मोटर कंपनीचे चार्ल्स सोरेन्सन अमेरिकेत सॅन दिएगोला बी-२४ बाँबर विमानांचा कारखाना बघायला गेले. तिथे शेवटची जोडणी उघड्यावर, उन्हात, स्टीलच्या फिक्स्चरवर चालायची. उन्हाने फिक्स्चरच हलायचं, त्यामुळे दोन विमानं सारखी निघत नव्हती. प्रत्येक विमान घासून-पुसून जुळवावं लागे.

उन्हाने असं किती हलणार? गणित करून बघा. दहा मीटर लांब अॅल्युमिनियम दहा डिग्री तापलं तर साधारण २.३ मिलिमीटर वाढतं, आणि तेवढंच स्टील १.२ मिलिमीटर. म्हणजे सकाळी जुळलेली भोकं दुपारी एक मिलिमीटरने चुकली! चूक कामगाराची नाही, ड्रॉइंगचीही नाही. चूक तापमानाचा विचार न करणाऱ्याची.

सोरेन्सन यांनी तासाला एक बाँबर काढायची योजना मांडली आणि मिशिगनमध्ये विलो रनचा कारखाना उभा राहिला. मोटारींच्या सवयीने त्यांनी कडक स्टीलच्या डाय बनवल्या. त्या महाग आणि बनायला वेळखाऊ, पण एकदा बनल्या की हजारो पार्ट सारखे. अडचण अशी, की युद्धात विमानाचं डिझाइन सतत बदलत होतं. प्रत्येक बदलाला डाय आणि फिक्स्चर पुन्हा सुधारा! सुरुवातीला उत्पादन इतकं रखडलं की लोक "विल इट रन?" म्हणून चिडवायचे. पुढे बरेच बदल लाइनवर न करता विमान तयार झाल्यावर वेगळ्या केंद्रांत करायचं ठरलं. १९४४ मध्ये तासाला एक विमान खरंच निघू लागलं आणि एकूण साडेआठ हजारांहून जास्त विमानं तिथे बनली.

टूलिंगच्या लीड इंजिनियरचं काम काय, ते मला इथे कळलं. कुठलं टूल कायमचं करायचं आणि कुठलं बदलता येईल असं ठेवायचं, डिझाइन कधी गोठवायचं, कुठल्या भोकापासून मापायचं, हे सगळं त्याने पहिला पार्ट बनायच्या आधी ठरवायचं. त्यासाठी डिझाइन, शॉप आणि क्वालिटी या तिघांशी भांडायची तयारीही हवी!

मटेरियल बदललं की भांडणही बदलतं. कार्बन फायबरचा पार्ट ऑटोक्लेव्हमध्ये साधारण १८० डिग्रीला पकवतात. पाच मीटरचा अॅल्युमिनियमचा साचा तेवढा तापला की जवळजवळ १८ मिलिमीटर वाढेल, आणि कार्बन फायबर मात्र जवळपास तेवढंच राहील. म्हणून मोठे साचे बऱ्याचदा इन्व्हार नावाच्या मिश्रधातूचे करतात. त्यात लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल असतं, आणि तो फारच कमी प्रसरण पावतो. हा गुण शोधणाऱ्या गिलोम यांना १९२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

एवढं करूनही जोडावर फट राहतेच. ती मापायची आणि शिम, म्हणजे पातळ पट्टी, भरायची. बोईंग ७८७ च्या काही जोडांवर ०.००५ इंच, म्हणजे जेमतेम कागदापेक्षा थोडी जास्त, एवढीच फट चालते. काही विमानांत त्याहून मोठ्या फटी सापडल्या. ह्या आणि इतर दोषांमुळे मे २०२१ पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत ७८७ ची डिलिव्हरी बंद होती. कागदाएवढ्या फटीसाठी एवढं? हो. कारण फट न भरता बोल्टने आवळली तर जोडात ताण राहतो. प्रत्येक उड्डाणाचा भार त्यात मिसळतो आणि वर्षानुवर्षांनी तिथे तडा जाऊ शकतो.

हे वाचताना मला आमचा क्लॅम्प आठवला. आम्ही सहा मिलिमीटर ओढले होते! ब्रॅकेट उडीमुळे नाही तुटलं. आदल्या रात्रीच आम्ही ते अर्धं तोडून ठेवलं होतं, आणि त्यावर माझ्या मित्राला बसवलं.

यंदा आम्ही आधी फिक्स्चर बनवलंय. आठ दिवस गेले, ज्युनियर्स वैतागले. परवा एक भोक दीड मिलिमीटर चुकलं, तर एकाने सवयीने क्लॅम्प उचलला. मी काही बोलायच्या आत रूममेट म्हणाला, "ठेव तो खाली. आधी का चुकलं ते शोध."

चूक फिक्स्चरमध्येच होती. बरं झालं, ओढलं नाही.