संकेतस्थळ सुरू करताना : मजकूर आपला, किल्ल्याही आपल्याच



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी हे संगणकाचं खातं कशाला उघडलं? कारण साधं आहे. आपल्यापैकी बरेच जण निवृत्तीनंतर एखाद्या वाचनालयाचं, व्याख्यानमालेचं नाहीतर गावातल्या संस्थेचं काम बघतात. तिथे कधीतरी कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आता आपलं संकेतस्थळ हवं." कोणाचा तरी भाचा ते करून द्यायला तयार असतो, सगळे माना डोलावतात, आणि विषय संपतो. खरं म्हणजे विषय तिथे सुरू व्हायला हवा. म्हणून आज आपण ही सुरुवात नीट कशी करायची ते पाहू. उदाहरण म्हणून एक सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर ठेवू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

आधी शब्द समजून घेऊ. इंग्रजीत ज्याला 'कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम' म्हणतात, त्याला आपण आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणू. पूर्वी संकेतस्थळाचं प्रत्येक पान हाताने बनवावं लागे. मजकूर आणि त्याची मांडणी एकाच फाइलीत गुंतलेली असे. वाचनालयाचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि तो ४० पानांवर असला, तर ४० फायली उघडा. या प्रणालीने एकच गोष्ट केली, पण ती मोठी आहे : मजकूर आणि त्याचं रूप तिने वेगळं केलं. मजकूर एका डेटाबेसमध्ये राहतो, रूप 'थीम' नावाच्या साच्यात राहतं, आणि वाचक पान मागतो तेव्हा दोन्ही जोडून पान तयार होतं.

ॲरिस्टॉटलचं द्रव्य आणि आकार इथे आठवेल, पण तितकं लांब जायची गरज नाही. छापखाना आठवा. लेखक हस्तलिखित देतो, मांडणी छापखाना करतो. तेच हस्तलिखित उद्या दुसऱ्या आकारात, दुसऱ्या टायपात छापता येतं. लेखकाला पुन्हा लिहावं लागत नाही. थीम बदलली की नेमकं हेच होतं.

आता मुक्तस्रोत म्हणजे काय? इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ अडकलेले आहेत, त्यामुळे त्यांना दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे सोय आहे : फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्या विचारातून चार स्वातंत्र्यं मांडली गेली : प्रणाली हव्या त्या कामासाठी वापरण्याचं, तिची आतली रचना अभ्यासून बदलण्याचं, तिच्या प्रती वाटण्याचं, आणि आपण बदललेल्या प्रतीही वाटण्याचं. 'जीपीएल' नावाचा परवाना ही चारही स्वातंत्र्यं देतो, आणि वर अट घालतो की तुम्ही ती प्रणाली पुढे वाटलीत, तर घेणाऱ्यालाही हीच स्वातंत्र्यं द्या.

हे कागदावरचं तत्त्व नाही. वर्डप्रेसचा जन्मच त्यातून झाला. मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिलेली 'बी-टू' नावाची एक प्रणाली होती. तिचं काम थंडावलं. ती जीपीएल परवान्याखाली होती, म्हणून मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड उचलला, पुढे नेला, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. दुसरं उदाहरण जूमलाचं. २००५ मध्ये 'मॅम्बो' या प्रणालीचे कार्यकर्ते आणि तिच्या नावाचा हक्क असलेली कंपनी यांच्यात मतभेद झाले. कार्यकर्ते बाहेर पडले. नाव मागे राहिलं, पण कोड त्यांच्याबरोबर आला, आणि त्यांनी नवं नाव घेतलं, जूमला. हा शब्द स्वाहिलीतल्या 'जुम्ला'वरून घेतला, अर्थ 'सगळे मिळून'. मुळात तो अरबी, म्हणजे जुन्या मराठी हिशेबांतल्या 'जुमल्या'चा नातलगच.

या दोन गोष्टींतून आपल्याला काय घ्यायचं आहे? मुक्त प्रणालीचं खरं मोल तिच्या शून्य किमतीत नाही. ते निघून जाता येण्यात आहे. करणारा माणूस बदलला, कंपनी बदलली, पटेनासं झालं, तर आपला मजकूर उचलून आपण दुसरीकडे जाऊ शकतो. हा मुद्दा मनात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

मग यातली कोणती प्रणाली घ्यायची? वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला ही तीन नावं तुमच्या कानांवर येतील. ड्रुपल २००१ मध्ये ड्रीस बॉयटर्ट यांनी खुली केली. मोठी विद्यापीठं, सरकारी खाती, गुंतागुंतीची माहिती असेल तर ती उत्तम, पण तिला जाणकार माणूस लागतो. आपल्या वाचनालयासाठी वर्डप्रेस पुरेल. ते शिकलेली माणसं सहज मिळतात, आणि त्याचा कारभारकक्ष, म्हणजे डॅशबोर्ड, मराठीत करता येतो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. वर्डप्रेस हे नाव दोन गोष्टींना आहे. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' इथे मूळ प्रणाली मिळते, ती आपण आपल्या जागेवर बसवायची. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही एका कंपनीची सेवा आहे, तिथे सगळं बसवलेलं मिळतं. पहिलं स्वतःच्या घरासारखं, दुसरं भाड्याच्या. भाड्याच्या घरात वाईट काही नाही, गळती झाली तर मालक बघतो. पण आपण कुठे राहतो आहोत हे ठाऊक असायला हवं. आज आपण स्वतःच्या घराचं बोलतो आहोत.

स्वतःच्या घराला तीन गोष्टी लागतात. पहिली डोमेन, म्हणजे पत्ता. तो विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवला जातो आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. दुसरी होस्टिंग, म्हणजे सदैव चालू असलेल्या संगणकावरची जागा. तिथे पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस असावा लागतो, बहुतेक ठिकाणी असतोच. तिसरी गोष्ट वर्डप्रेस. ते बसवणं सर्वांत सोपं, बऱ्याच होस्टिंग कंपन्या एका बटणावर बसवून देतात.

पण आधी सराव करा. आपल्याच संगणकावर 'झॅम्प'सारखं साधन घालून त्यावर वर्डप्रेस चालवता येतं. तिथे हवं ते मोडा, पुन्हा बसवा. बाहेर कोणाला दिसत नाही.

बसवून झालं की घाईने थीमच्या रंगांकडे जाऊ नका. आधी सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करा आणि वेळ कोलकात्याची निवडा, नाहीतर संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी दुपारची तारीख-वेळ दाखवील. नमुन्यादाखल आलेली पोस्ट आणि पान काढून टाका. मग 'पोस्ट' आणि 'पान' यांतला फरक समजून घ्या. पान म्हणजे जे सहसा बदलत नाही : वाचनालयाचा इतिहास, वेळा, वर्गणी, पत्ता. पोस्ट म्हणजे जे तारखेने येतं : कार्यक्रम, नवी पुस्तकं, व्याख्यानाचा वृत्तांत. पोस्टना कॅटेगरी द्यायच्या, म्हणजे वर्ग. ते थोडे आणि ठाम असावेत. ग्रंथपालाला हे सांगायला नको, कपाटं आधी ठरतात, पुस्तकं मग लागतात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन खास गोष्टी. पोस्टचं शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पानाचा पत्ता बनवतं. पण पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह आतून ९ रोमन चिन्हांत साठवलं जातं, आणि या भागाला मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे साधारण २२ देवनागरी चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. त्यामुळे लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो, आणि तो दुसऱ्याला पाठवला की टक्केचिन्हांची लांब माळ दिसते. उपाय सोपा : पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत छोटासा रोमन पत्ता स्वतः लिहा. एकदा लोकांकडे पत्ता गेला की मग तो बदलू नका.

दुसरी गोष्ट जुन्या मजकुराची. संस्थांच्या स्मरणिका, वृत्तांत बऱ्याचदा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असतात. तो मजकूर तसाच चिकटवला तर अगम्य अक्षरं दिसतात, कारण तो युनिकोड नसतो. आधी त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग मुद्रितशोधन करा. रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात, हा नेहमीचा अनुभव आहे.

आता माणसांकडे वळू. वर्डप्रेसमध्ये पाच भूमिका तयार असतात : ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर. कॉन्ट्रिब्युटर लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. एडिटर सगळ्यांचं लेखन तपासून प्रसिद्ध करू शकतो, पण प्रणालीच्या यंत्रणेला हात लावू शकत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर सगळंच करू शकतो, संकेतस्थळ पुसूसुद्धा शकतो. म्हणून सगळ्यांना एकच पासवर्ड देण्याची आपली लाडकी पद्धत सोडा. ज्याला जितकं काम, त्याला तितकाच अधिकार. ॲडमिनिस्ट्रेटर मात्र एकच नको, दोन तरी हवेत.

प्लगइन म्हणजे जोडसाधनं. त्यांचा मोह आवरा. प्रत्येक प्लगइन आपल्या घरात संपूर्ण मोकळीक घेऊन येतो. ज्याची निगा त्याच्या कर्त्याने सोडली आहे, तो उघड्या खिडकीसारखा. अद्ययावत करण्याची सूचना आली की टाळू नका. आणि 'विकतची थीम फुकट' असं सांगणाऱ्या जागांवरून काही घेऊ नका. काही पान-रचना प्लगइन असे असतात की ते बंद केले की मजकुरात त्यांच्या खुणा विखुरलेल्या राहतात. म्हणजे मजकूर आणि रूप वेगळं ठेवण्याचा मूळ फायदाच हातचा गेला. शक्यतो वर्डप्रेसच्या मूळ संपादकातच लिहा.

आता सर्वांत महत्त्वाचं. आमच्या माहितीतल्या एका वाचनालयाने दहा-अकरा वर्षं आपल्या व्याख्यानांचे वृत्तांत संकेतस्थळावर ठेवले. काम चोख होतं. पण डोमेन नोंदवलं होतं ज्या तरुणाने ते बनवलं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर. तो परदेशी गेला, तो ईमेल त्याने सोडला. नूतनीकरणाच्या सूचना तिथेच येत राहिल्या आणि कोणीच त्या वाचल्या नाहीत. मुदत संपली, पत्ता गेला. पुढे होस्टिंगही बंद झालं. प्रत कोणाकडेच नव्हती. त्या वृत्तांतांतले काही वक्ते आज हयात नाहीत. ते काय बोलले हे आता श्रोत्यांच्या आठवणीतच उरलं. यात कोणी लबाडी केली नव्हती. प्रणाली मुक्त होती, परवाना मुक्त होता. तरी ती संस्था मुक्त नव्हती.

आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले. एक, आपल्याला कोणी अडवत नाही. दुसरा, आपण स्वतःचे धनी आहोत. परवाना पहिलं देतो. दुसरं कोणताही परवाना देऊ शकत नाही, ते आपल्यालाच कमवावं लागतं.

कसं, ते सांगून थांबतो. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. तो ईमेल दोन पदाधिकारी उघडू शकतील असं करा. नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहा. बॅकअप म्हणजे दोन गोष्टी : डेटाबेस, ज्यात मजकूर आहे, आणि 'डब्ल्यूपी-कन्टेन्ट' हा फोल्डर, ज्यात छायाचित्रं, थीम, प्लगइन आहेत. एक घेतलं आणि दुसरं राहिलं तर संसार अर्धाच हलवला. वर्डप्रेसमध्ये निर्यातीची सोय आहे, पण तिच्या फाइलीत मजकूर असतो, छायाचित्रांचे फक्त पत्ते असतात. जुनं स्थळ बंद पडल्यावर त्या पत्त्यांवर काही सापडत नाही. बॅकअपची प्रत होस्टिंगवरच ठेवू नका. घराची दुसरी किल्ली आपण त्याच घरात ठेवत नाही.

आणि वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी म्हणा, ती प्रत घेऊन सरावाच्या संगणकावर संकेतस्थळ पुन्हा उभं करून पाहा. उभं राहिलं, तर ते आपलं. नाही राहिलं, तर काय राहिलं हे शोधायला अजून वेळ आहे.

पुढच्या व्याख्यानात मजकुराच्या परवान्यांकडे वळू : आपण प्रसिद्ध केलेलं लेखन इतरांनी कसं वापरावं हे कोण ठरवतं, आणि कसं. तोवर आपल्या संस्थेच्या चिटणीसांना एवढंच विचारा, "आपलं डोमेन कोणाच्या नावावर आहे?"